क्रेडिट कार्ड : घेण्याचे आणि परत करण्याचे तारतम्य

वाशी, ऐरोली किंवा बेलापूरच्या एखाद्या नोकरदाराचे पाकीट उघडले, तर त्यात दोन-तीन क्रेडिट कार्डे असण्यात आता नवल राहिलेले नाही. एक पेट्रोलवरील सवलतीसाठी, दुसरे विमानतळावरील लाउंजसाठी, तर तिसरे पहिल्या वर्षी फुकट मिळाले म्हणून घेतलेले असते. मात्र उलवे वा पनवेल येथे घर घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला, की याच कार्डांचा इतिहास बँकेच्या टेबलावर येतो. म्हणूनच कार्ड कधी घ्यावे, कधी परत करावे आणि ते कसे करावे, याची माहिती प्रत्येक कार्डधारकाला असायला हवी.

कार्डांची भरती-ओहोटी

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले आणि भारतीय बँकांचा या व्यवसायात प्रवेश झाला. १९९०च्या दशकात परदेशी बँकांनी ही बाजारपेठ विस्तारली. स्टेट बँकेने १९९८मध्ये जीई कॅपिटलच्या सहकार्याने आपली कार्ड कंपनी स्थापन केली. पुढे ‘आजीवन मोफत’ कार्डांचा सुकाळ झाला आणि मार्च २००८अखेर देशातील कार्डांची संख्या सुमारे २ कोटी ७५ लाखांवर गेली. त्यानंतर जागतिक मंदी आणि थकबाकी यांमुळे बँकांनी हात आखडता घेतला. मार्च २०११पर्यंत ही संख्या सुमारे १ कोटी ८० लाखांवर आली. पुढे ती पुन्हा वाढत गेली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिने १० कोटींचा टप्पा ओलांडला.

या काळात अनेक ग्राहकांचे कार्ड त्यांनी न मागताच बदलले. बार्कलेजचा कार्ड व्यवसाय स्टँडर्ड चार्टर्डने, तर रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा रत्नाकर बँकेने घेतला. सिटी बँकेचा भारतातील किरकोळ व्यवसाय मार्च २०२३मध्ये अ‍ॅक्सिस बँकेकडे गेला. अशा हस्तांतरात साठलेल्या पॉइंटचे मूल्य व नियम नव्याने तपासणे, हे ग्राहकाचेच काम ठरते.

पॉइंटचे गणित

दुकानदार प्रत्येक कार्ड व्यवहारावर शुल्क देतो. त्यातील काही भाग कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातूनच ग्राहकाला पॉइंट दिले जातात. शिवाय बिल पूर्ण न भरणाऱ्यांचे व्याज हे बँकेचे मोठे उत्पन्न असते.

एक उदाहरण पाहू. कार्डाचे वार्षिक शुल्क २,५०० रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटीसह ते २,९५० रुपये होते. शंभर रुपयांच्या खरेदीवर दोन पॉइंट आणि एका पॉइंटचे मूल्य २५ पैसे असेल, तर केवळ हे शुल्क भरून निघण्यासाठी वर्षाला ५ लाख ९० हजार रुपयांची खरेदी करावी लागेल. इतका खर्च मुळातच होत नसेल, तर असे कार्ड परवडणारे नाही.

शिवाय पॉइंटचे नियम कायम राहत नाहीत. अ‍ॅक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डावर महिन्याला एक लाखाच्या खर्चावर २५ हजार जादा पॉइंट मिळत असत. सप्टेंबर २०२३पासून ही सोय बंद झाली आणि वार्षिक शुल्कही १० हजारांवरून साडेबारा हजार रुपये झाले. पॉइंट वर्षानुवर्षे साठवून ठेवण्यात शहाणपण नाही, ते यामुळेच.

बिलाची बाकी मागे राहिली, तर सारे गणित कोलमडते. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज. असे व्याज ३० टक्क्यांवर असू नये, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४मध्ये रद्दबातल ठरवला.

बंद करण्याचे नियम

कार्ड कात्रीने कापले म्हणजे खाते बंद झाले, असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये यासंबंधी स्पष्ट नियम केले. सर्व देणी चुकती केलेली असल्यास बँकेने विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे. विलंब झाल्यास दररोज ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. बंद करण्याची विनंती टपालानेच पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक पूर्वसूचना देऊन बंद करू शकते. तीस दिवसांत ग्राहकाचे उत्तर न आल्यास बाकी नसलेले खाते बंद होते. न मागता कार्ड देण्यासही मनाई आहे.

कार्ड बंद करण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

* साठलेले पॉइंट वापरून टाकावेत. खाते बंद झाल्यावर ते बहुधा बुडतात.
* वीज, विमा, मोबाइल यांची आपोआप जाणारी बिले दुसरीकडे वळवावीत.
* हप्त्यांवरील खरेदी आणि कुटुंबीयांच्या नावे असलेली पूरक कार्डे तपासावीत.
* खाते बंद झाल्याचे लेखी उत्तर जपून ठेवावे.
* काही आठवड्यांनी पतअहवालात नोंद ‘बंद’ झाली की नाही, ते पाहावे.

तक्रार करूनही तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

पतगुणांक आणि जुने कार्ड

सिबिलचा पतगुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. उपलब्ध मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, यालाही त्यात महत्त्व असते. दोन लाख आणि एक लाख मर्यादेची दोन कार्डे असून एकूण ६० हजार रुपये वापरले, तर हे प्रमाण २० टक्के होते. मोठ्या मर्यादेचे कार्ड बंद केले, की तोच खर्च ६० टक्क्यांवर जातो. थोड्या काळात अनेक कार्डांसाठी अर्ज करणेही गुणांकास बाधक ठरू शकते.

त्यामुळे गृहकर्जाचा विचार असेल, तर अर्जापूर्वीच्या काही महिन्यांत नवे कार्ड घेऊ नये आणि जुने घाईने बंद करू नये. शुल्क नसलेले सर्वांत जुने कार्ड अधूनमधून वापरून चालू ठेवावे. शुल्क घेणारे आणि वापरात नसलेले कार्ड मात्र पुढील वर्षाचे शुल्क लागण्यापूर्वी परत करावे. त्याआधी शुल्क माफ करण्याची विनंती करून पाहण्यास हरकत नाही. ग्राहक टिकवण्यासाठी बँका ती कित्येकदा मान्य करतात.