घरचा सर्व्हर घरात चालतो, मग बाहेरून का उघडत नाही?

समजा, नाशिकच्या पंचवटीतल्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून कुटुंबाचे फोटो ठेवले आहेत. घरच्या वायफायवर ते लगेच दिसतात, पण पुण्यात शिकणाऱ्या मुलीला उघडत नाहीत. अशा वेळी घाईने सर्व्हर फॉरमॅट करू नका. फोटो जातील आणि अडचण तशीच राहील.

आधी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’ पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या गटातला असेल, तर दोष सर्व्हरचा नाही. जगात आयपीव्ही४ चे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून इंटरनेट कंपन्या एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतात. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. हा गट त्यासाठीच २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. पाकिटावर इमारतीचं नाव आहे, पण फ्लॅट नंबर नाही, तर पोस्टमन पत्र देणार कुणाला? इथे राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगही कामाचं नाही.

मग उपाय काय?

- कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा.
- दोन्ही टोकांना आयपीव्ही६ मिळत असेल, तर ते वापरा.
- टेलस्केलसारखा व्हीपीएन लावा.

वॅन आयपी आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा आकडा एकच असेल, तर मात्र फायरवॉल आणि पोर्ट फॉरवर्डिंग तपासा.