बहिर्वाहाचा वेग आणि दृष्टिरेषा

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रातून आज्ञा सुटल्या आणि ६ जानेवारी २०२४ रोजी सूर्याचे निरीक्षण करणारे आदित्य-एल१ यान आपल्या कक्षेत स्थिरावले, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर. यानाचा वेग रेडिओ लहरींच्या डॉप्लर विस्थापनावरून कळतो. सूर्याच्या किरीटातल्या प्लाझ्माचा वेगही त्याच नियमाने मोजतात. पण यानाची कक्षा ठाऊक असते. प्लाझ्मा कोणत्या दिशेने निघाला, हे त्याच्या वर्णपटातली रेषा सांगत नाही. ती फक्त दृष्टिरेषेवरचा घटक देते.

सक्रिय क्षेत्रांच्या कडांवरून प्लाझ्मा दिवसेंदिवस बाहेर वाहतो, हे २००६ साली सोडलेल्या जपानच्या हिनोदे उपग्रहाने स्पष्ट केले. अकरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची १९५.१२ अँगस्ट्रॉमची रेषा तिथे निळ्या बाजूला सरकते. सेकंदाला ३० किलोमीटर वेगाला ही सरक जेमतेम ०.०२ अँगस्ट्रॉम भरते, म्हणजे उपकरणाच्या एका पिक्सेलहूनही कमी. त्यातच १५ लाख केल्विनला आयनांच्या औष्णिक गतीने रेषा मुळातच वीसेक किलोमीटर वेगाइतकी रुंदावलेली असते. म्हणून तिच्यावर वक्र बसवून मध्य काढतात आणि शेजारच्या शांत भागाचा वेग शून्य धरतात. हे शून्य गृहीत धरलेले आहे, मोजलेले नाही. रेषेची निळी कड तर अनेकदा शंभरावर किलोमीटर वेग सुचवते. मध्याचा एकच आकडा दिला की तो वेगवान प्रवाह झाकला जातो. माझ्या मते रेषेचा आकार हाच इथला अस्सल पुरावा आहे.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेने घडवलेला आदित्यवरचा व्हीईएलसी किरीटदर्शक सूर्यबिंब झाकून कडेबाहेर पाहतो. त्याच्या ५३०३ अँगस्ट्रॉमच्या हिरव्या रेषेत सेकंदाला ३० किलोमीटरचा तोच वेग ०.५३ अँगस्ट्रॉमची सरक देतो. मात्र औष्णिक रुंदीही तरंगलांबीबरोबरच वाढते, त्यामुळे ही सोय वाटते तेवढी मोठी नाही. शिवाय कडेवर सरळ वर जाणारा प्रवाह दृष्टिरेषेला काटकोनात असतो. तिथे सरक शून्य आली, तरी प्रवाह नाही असे म्हणता येत नाही.

१६ जुलै २०२४ च्या किरीटीय द्रव्य-उत्सर्जनात व्हीईएलसीने हिरव्या रेषेची तेजस्विता जवळपास निम्म्यावर आलेली, रेषा रुंदावलेली आणि सुमारे १० किलोमीटर वेगाइतकी लाल बाजूला सरकलेली नोंदवली. बिंबाच्या मध्यावर लाल सरक म्हणजे खाली येणारा प्लाझ्मा. कडेवर तिचा अर्थ तसा नाही: उसळलेल्या द्रव्याचा काही भाग आपल्यापासून दूर, मागच्या दिशेला वळला.

सूर्याच्या परिवलनाने पूर्व कडेवरचे सक्रिय क्षेत्र साधारण आठवड्यात बिंबाच्या मध्याजवळ येते. बहिर्वाह तेवढे दिवस टिकला, तर कडेवर व्हीईएलसीने टिपलेली रुंदी आणि मध्यावर हिनोदेने टिपलेली सरक एकाच क्षेत्रासाठी जोडता येतात, आणि प्रवाहाचा कल त्यातून काढता येतो.