बंगळूरची पेठ

बंगळूर शहराच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. हळ्ळी म्हणजे खेडे. मराठी माणसाने ते नाव ऐकले की हे मराठ्यांचे खेडे तर नव्हे, अशी शंका त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तिकडचे काही लोक मात्र या नावाचा संबंध जवळच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि १९६१ साली प्रथम उडालेल्या 'मारुत' विमानाशी लावतात. हा वाद तूर्त बाजूस ठेवावा हे बरे. कारण मराठ्यांचा बंगळूरशी आलेला संबंध पाहावयाचा तर हळ्ळीत नव्हे, पेठेत गेले पाहिजे.

केंपेगौडाने १५३७ साली मातीचा कोट घालून ही पेठ वसविली असे मानतात. तीत मुख्य रस्ते दोन : दोड्डपेठ आणि चिक्कपेठ, म्हणजे थोरली व धाकटी. अक्कीपेठ तांदळाची, अरळेपेठ कापसाची, बळेपेठ बांगड्यांची. पुण्याच्या कित्येक पेठा वारांवरून ओळखल्या जातात, बंगळूरच्या मालावरून! १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने विजापूरकरांसाठी हे ठाणे घेतले व ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. याच सुमारास त्यांच्या दुसऱ्या जहागिरीतले, आदिलशाही फौजेने उजाड केलेले पुणे दादोजी कोंडदेव पुन्हा वसवीत होते. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या चंपूकाव्यात आहे. राजवाड्यांनी ते १९२२ साली प्रसिद्ध केले. पुढे १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने ते तीन लाख रुपयांना आपल्याकडे घेतले.

परंतु पेठेची खरी कसोटी लागली ती शतकानंतर. ७ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने पेठेवर हल्ला चढविला व ती लुटली. श्रीमंतांनी आपला ऐवज आधीच किल्ल्यात हलविला होता. पण दोन आठवड्यांत किल्लाही पडला, आणि तो ऐवजही गेला. त्यानंतर जे घडले ते फ्रान्सिस बुकॅनन याने लिहून ठेवले आहे. तो मे १८०० मध्ये येथे आला होता. तो म्हणतो की, इंग्रज निघून गेल्यावर टिपूने अभयवचन देऊन व्यापाऱ्यांना परत बोलाविले. ठिकठिकाणी दडविलेले उरलेसुरले द्रव्य घेऊन ते आले. तेव्हा इंग्रजांशी सलोखा केल्याचा ठपका ठेवून पेठेस वेढा घालण्यात आला आणि बायकांच्या अंगावरच्या किरकोळ दागिन्यांपर्यंत सर्व काही काढून घेतले. बुकॅनन हा कंपनीचा नोकर. टिपूविषयी लिहिताना त्याची लेखणी निःपक्षपाती असेल असे नाही. तरी टिपूने अर्काट व हैदराबाद या मुलखांशी चालणारा व्यापार बंद केला होता आणि सरकारी माल चढ्या भावाने व्यापाऱ्यांच्या गळ्यात बांधला जाई, हेही तो नोंदवितो. पेठ खंगण्यास तेवढे पुरेसे होते.

मराठी दप्तरांत ओसाड पेठ वसविण्याचा विधी ठरलेला आहे : कौल द्यावयाचा, काही वर्षे कर माफ करावयाचा, शेटे-महाजनांना मान द्यावयाचा. पण कौलाच्या कागदास किंमत येते ती देणाऱ्याच्या शब्दामुळे. एकदा शब्द मोडला की कागद कितीही गोड असो, कोण येणार? १७९९ मध्ये टिपू पडण्यापूर्वी इंग्रजी फौज पुढे सरकताच पहारे उठले, तेव्हा पेठेतील लोक कोणावर विसंबावे हे न कळून पांगले, आणि काही महिने गाव ओस पडले.

वर्षभरातच चित्र पालटले. हैदर व टिपू या दोघांच्याही कारभारात मुरलेले पूर्णय्या आता दिवाण होते. लोक चहूकडून परतत होते. सुपारी, मिरे, चंदन यांची ने-आण सुरू झाली. धारवाड, हुबळी, बळ्ळारीकडील व्यापाऱ्यांशी देवघेव चालू झाली. माग पुन्हा चालू लागले. भरभराटीच्या काळच्या आयात-निर्यातीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत मजल गेली होती. पण एक बारकावा बुकॅननच्या नजरेतून सुटला नाही. ज्यांनी मद्रासेस ये-जा केली होती असे मोठे व्यापारी निर्धास्त होते. विणकर व लहान दुकानदार अजून बिचकत होते. ज्याच्याजवळ थोडेच उरले आहे त्याला ते पुन्हा मांडून बसण्याचे धाडस उशिरा होते.

१८०९ पासून पूर्वेस इंग्रजी छावणी वसली आणि तिच्याभोवती दुसरा बाजार उभा राहिला. त्याही पलीकडे, १९४० च्या डिसेंबरात, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने विमानांचा कारखाना काढला. मारतहळ्ळी आहे ती त्याच बाजूस. संगणक-व्यवसायाच्या काळात तिचेही खेडेपण सरले. रेशमी लुगड्यांचा घाऊक व्यापार मात्र चिक्कपेठेच्या अरुंद गल्ल्यांतून अजून चालू आहे.