भोपाळचे विष आणि माशाची चरबी
भोपाळ आणि कीटकनाशक म्हटले की डिसेंबर १९८४ मधली विषारी वायुगळतीची ती रात्रच आठवते. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्याचा मुख्य माल होता सेविन, म्हणजे कार्बारिल. माशाच्या दृष्टीने ते त्यातल्या त्यात बरे: शरीरात त्याचे विघटन होते आणि काही दिवसांत ते बाहेर पडते. डीडीटी, बीएचसी या कीटकनाशकांचे तसे नाही. ती कल्ल्यांतून, खाद्यातून शिरतात आणि चरबीत मुरतात. रोहू चिरताना आतड्याला चिकटलेली चरबी दिसते, तिथे त्यांचा मुक्काम. कोणी म्हणेल, कारखान्याचा कचरा भूजलात मुरला, भोपाळच्या बड्या तलावाशी त्याचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. राजा भोजाच्या या तलावात पाणी येते ते पश्चिमेकडून, कोलांस नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून. पण म्हणूनच सारा दोष एका कारखान्याच्या माथी मारून फवारणीला मोकळे सोडता येत नाही. स्वच्छ पाण्यात मासा हळूहळू विष टाकतो, हेही खरे. मात्र तळाचा गाळच ते परत देत असेल तर स्वच्छ पाणी आणायचे कुठून? शेतीत डीडीटीवर बंदी आली १९८९ मध्ये, बीएचसीवर १९९७ मध्ये. तलाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला २००२ साली. पण जुने विष गाळात आणि चरबीत उरू शकते, म्हणून तपासणी पाण्याइतकीच गाळाची आणि माशांच्या चरबीचीही व्हायला हवी.