लोकर : खांद्यावरची आणि पायांतली



इतिहासावरील भाषणात राजे, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा असते. आज मी पायमोज्याविषयी बोलणार आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु बारी गावाहून कळसूबाईची वाट धरून, १६४६ मीटरांचे ते शिखर गाठून उतरताना ज्याच्या टाचेवर रुपयाएवढा फोड उठला आहे, त्याला तो तसा वाटावयाचा नाही. शाळेत असताना मुलांच्या सहली घेऊन मी अकोले तालुक्यातील डोंगर पुष्कळ हिंडलो. माझा अनुभव असा की, दम लागून मागे राहणारी मुले थोडी. पायांमुळे मागे राहणारीच फार. बूट नवे व भारी किमतीचे, आणि आत भिजून गोळा झालेला सुती मोजा, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की, त्याची गणती सोडून दिली.

लांबच्या चालीस लोकरीचा मोजा घ्यावा, असे जाणते लोक सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. कोणती लोकर, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात चांगले सापडते; कारण हा जिल्हा मेंढरांचा असूनही येथील लोकर माणसाच्या खांद्यावर राहिली, पायांत कधी उतरली नाही.

आधी शब्दाचेच पाहा. 'मोजा' हा आपण फारसीतून घेतलेला शब्द, आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ बूट असा आहे. म्हणजे थंड मुलखातील घोडेस्वाराच्या पायांतील वस्तूचे नाव आपण आतल्या कपड्याला दिले. १४९० साली स्थापन झालेल्या निजामशाहीच्या दरबारात फारसीचा मोठा मान होता, आणि फारसी शब्द आपल्या बोलीत कसे मुरले हे नगरकरांस सांगावयास नको. पण शब्द आला तरी वस्तूचे काम सामान्य माणसाला पडले नाही. आपल्याकडील वाटा धुळीच्या, हवा कोरडी, पायांत वहाण किंवा तीही नाही. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरीला जाते. तीतील वारकरी शेकडो मैल चालतात, ते मोज्यावाचूनच. उघड्या पायाला वारा लागतो, घाम वाळतो, कातडे निबर होते. मोज्याची गरज पायाला नसते. ती बुटाला असते. पाय बंद केला की घाम कोंडतो आणि कातडे मऊ पडते. मऊ पडलेल्या कातड्यावर घर्षण झाले की फोड येतो. आमच्या पूर्वजांनी मोजे विणले नाहीत यात त्यांचे अडाणीपण नव्हते, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

याला एक गमतीचा अपवाद मात्र परदेशात आहे. मिसर देशात ऑक्सिरिंकस येथे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे तांबड्या लोकरीचे मोजे सापडले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांना अंगठा वेगळा आहे, कारण ते वहाणेबरोबर घालावयाचे होते! वहाण आणि मोजा यांचे वैर नाही, एवढे त्यावरून दिसते.

आता आमच्या लोकरीकडे येतो. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे, एका धनगर घरात झाला. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, तेव्हा सभांतून पुष्कळ भाषणे झाली. पण ज्या व्यवसायातून त्या घराणी वर आली त्या मेंढपाळीविषयी फारसे कोणी बोलले नाही. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड हा अवर्षणाचा पट्टा मेंढरांच्या खांडांचा. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीचे मेंढपाळ पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यांवर लादून घाट उतरतात आणि कोकणाच्या वाटेला लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी परत वर येतात. लांबची चाल म्हणजे काय, हे ज्यांच्याकडून शिकावे असे हे लोक.

त्यांची मेंढी ती दख्खनी. अंगाने काटक, कमी चाऱ्यावर आणि कमी पाण्यावर जगणारी, मैलोगणती चालणारी. रंगाने बहुतेक काळी किंवा काळी-पांढरी. तिची लोकर सामान्यपणे वर्षातून दोनदा कातरतात. परंतु सगळी मिळून ती वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपासच भरते. कातरलेली लोकर निवडावयाची, धनुकलीने पिंजावयाची, आणि घरातील बायकांनी चरख्यावर तिचे सूत कातावयाचे. मग ते सूत सनगराकडे जाते. सनगर म्हणजे घोंगडी विणणारा. तो चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून त्यांची खळ करतो, आणि ताण्याला ती मोठ्या कुंचल्याने लावून उन्हात वाळवतो. खळीने सुताचे उभे केस बसतात, धागा ताठ होतो आणि खड्डामागावर तुटत नाही. चिंचोक्याचा हा उपयोग ज्याने प्रथम शोधला त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. पण मला तो मनुष्य एखाद्या सरदारापेक्षा अधिक भेटावासा वाटतो.

या साऱ्या खटाटोपातून निघते ती घोंगडी. ती पावसात डोक्यावर खोळ करून घ्यावी, रात्री अंगाखाली घालावी, उन्हात तिची सावली करावी. पाऊस तिच्या केसाळ पृष्ठावरून बराचसा ओघळून जातो. ओली झाली तरी ती ऊब सोडीत नाही. दणकट अशी की एकीवर माणसाची बरीच वर्षे निघावीत. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ; ते सर्वांत मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीचा मान मोठा. धनगराला लोकरीची प्रत कळत होती याचा याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

मग हीच लोकर पायांत का घालू नये? कारण तिच्या तंतूच्या जाडीत आहे. ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतू सुमारे तीस मायक्रॉनहून जाड असला की त्याचे टोक कातड्यावर वाकत नाही, टोचते. दख्खनी लोकरीत असे जाड तंतू भरपूर, आणि त्यांत आतून पोकळ व ठिसूळ केसही मिसळलेले असतात. मूळच्या स्पेनमधील मेरिनो मेंढीचा तंतू सामान्यपणे चोविसाच्या आत, चांगला असेल तर अठरा-एकोणिसांच्या घरात. तो टोचत नाही, वाकतो. त्याला कुरळेपणा अधिक, म्हणून त्यात हवा अधिक साठते. घोंगडीचा गुण जाड तंतूत आहे. मोज्याचा गुण बारीक तंतूत. देशाभिमानाने दख्खनी लोकरीचे मोजे करा म्हणणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की, एक दिवस घालून हरिश्चंद्रगडावर जाऊन या.

सरकारांनाही हा भेद कळला होता. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबई सरकारने नगरच्या परिसरात परदेशी मेंढे आणून संकराचे प्रयोग करून पाहिले. हेतू उघड होता, विलायतेच्या गिरण्यांना बारीक लोकर हवी होती. मेरिनोचा वंश आमच्या उन्हात आणि चाऱ्यात दख्खनी मेंढीची जागा घेऊ शकला नाही. पुढे राहुरीस १९६८ साली कृषी विद्यापीठ निघाले आणि तेथेही दख्खनी मेंढीवर काम झाले. खांडे आजही बहुतांशी दख्खनीच आहेत, आणि त्यात मला मेंढीचे शहाणपण दिसते.

पायमोजा आमच्याकडे आला तो बुटाच्या मागोमाग, आणि बूट आला तो फौजेबरोबर. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे येथे छावणी वसली. पण लोकरीच्या मोज्याचे महत्त्व खऱ्या अर्थाने जगाला पटले ते पहिल्या महायुद्धात. १९१४ च्या शरदऋतूत हिंदी पलटणी फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या चिखलात उतरल्या. खंदकांत गुडघाभर गार पाणी. दिवसचे दिवस ओल्या बुटांत राहून पाय सुजत, बधिर होत आणि सडत. 'खंदक-पाय' असे त्या विकाराचे नावच पडले. गोळीशिवाय माणसे निकामी होऊ लागली, तेव्हा सेनापतींचे लक्ष पायांकडे गेले : पाय रोज तपासावे, त्यांना तेल चोळावे, कोरडे मोजे चढवावे, असे हुकूम निघाले. त्याच वर्षी इंग्लंडात राणी मेरी आणि लॉर्ड किचनेर यांच्या नावाने तीन लाख मोजे-जोड्यांसाठी आवाहन झाले आणि घरोघर सुया चालू लागल्या. हा किचनेर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेलाच. मोज्याचे टोक शिवण न उमटू देता बंद करण्याच्या टाक्याला आजही त्याचे नाव आहे. तो टाका त्याने स्वतः शोधला या कथेला मात्र पुरावा नाही. टाका कोणाचाही असो, त्यामागील ज्ञान मोलाचे : बोटांवर आलेली जाड शिवण वीस मैलांनंतर सुरीसारखी लागते.

या इतिहासातून खरेदीला उपयोगी असे काय निघते ते सांगतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. सूत पाणी धरून ठेवते आणि कातड्याला चिकटते. म्हणून लांब चालीस सुती मोजा वर्ज्य. पण निव्वळ बारीक लोकर टाचेला लवकर विरते. ताकद जाड तंतूत आणि मऊपणा बारीक तंतूत, हा झगडा इथेही आहेच. त्याची तडजोड नायलॉनने केली. हा धागा १९३८ साली जाहीर झाला. लोकरीत त्याचा पाचवा हिस्सा, विशेषतः टाच व बोटे यांच्या जागी असला, की मोजा कितीतरी अधिक टिकतो. तेवढ्या भेसळीला नाक मुरडू नये.

नाक मुरडावे ते दुसऱ्या भेसळीला. आपल्या बाजारात 'वुलन' म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा शंभर टक्के ॲक्रिलिक असते. ते दिसावयास फुगीर, हाताला मऊ, आणि दिवसभराच्या चालीनंतर आत नुसती वाफ. चिठ्ठीवर विश्वास नसेल तर मोज्यातील सुटा धागा काढून पेटवून पाहावा. लोकर कुरकुरत जळते, जाळ काढला की विझते, जळलेल्या केसाचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण काळा मणी होतो. ही परीक्षा दुकानात करू नये, एवढे तारतम्य श्रोत्यांनी बाळगावे.

मग मोजा उलटा करावा. आत तळव्याला आखूड, दाट फासे असावेत. ताणून उजेडासमोर धरल्यास टाचेतून जाळी दिसू नये. बोटांची शिवण नखाला अडू नये. टाचेचा खिसा आपल्या टाचेवर नेमका बसावा, कारण मोठ्या मोज्याची घडी हीच फोडाची जननी. जाडी पाहून भुलू नये. भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात ओढे ओलांडताना मोजा भिजणारच. मध्यम जाडीचा लवकर सुकतो, जाडजूड दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. नवे बूट घेताना हाच मोजा चढवून, आणि तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्यावेत. दोन जोड्या न्याव्यात : एक पायांत, एक पिशवीवर वाळत.

दख्खनी लोकरीची गोष्ट मात्र एका खंतेपाशी येऊन थांबते. गिरणीचे कांबळे आणि कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे स्वस्त झाली, घोंगडीचे गिऱ्हाईक घटले, आणि पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून निघेनाशी झाली. मेंढीला उन्हाळा सोसावा म्हणून कातरणे भागच असते. कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. ज्या पदरी शंभर वर्षांचे कसब आहे त्या सनगराची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. शहरातील मंडळी परदेशी मेरिनोच्या मोज्याला हजार-हजार रुपये देतात. ते पायाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण तीच मंडळी पाचनईहून हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाताना अंगाखाली प्लॅस्टिकची गुंडाळी नेतात. तेथे, गार कातळावर, घोंगडीइतके चांगले अंथरूण मी तरी पाहिलेले नाही.

मोजे धुताना कोमट नव्हे, गारच पाणी घ्यावे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊन पाणी आणि चोळणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून लहान मुलाचा होतो. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावा, सावलीत आडवा पसरावा. पावसाळा संपला की पूर्ण सुकवून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवावा, आणि मधून मधून उन्हात झटकावा. कसरीला अंधार आणि निवांतपणा फार आवडतो.