गुलामीचा एक कागद

गेल्या पावसाळ्यात आई आजारी होती. तिचा रिपोर्ट यायचा होता आणि मला दोन रात्री झोप नव्हती. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारा ख्रिस्ती मित्र सहज म्हणाला, "देवाच्या हातांत दी आनी न्हीद." खरे सांगतो, रागच आला. सांगणाऱ्याचे काय जाते? रिपोर्ट पुढे चांगला आला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याच नादात मी संत जोसेफ वाझ यांचे चरित्र वाचायला घेतले.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावलीला झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली ते पाद्री झाले आणि पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एक कागद लिहिला. आपण मारिया मातेचे कायमचे गुलाम झालो आहोत, असे त्यात लिहून दिले होते. माझा सारा जन्म कागदपत्रांत चाललाय, म्हणून मी इथे थबकलो. त्या काळी गोव्यात माणसे खरोखरच विकली जात होती. गुलाम म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला चांगले ठाऊक होते. गुलामाला स्वतःची काळजी उरत नाही, कारण तो स्वतःचाच उरत नाही.

पण कागद लिहिला म्हणजे सुटलो असे झाले नाही. उलट हाल तिथूनच सुरू झाले. त्यांना जायचे होते लंकेला. डचांनी १६५८ मध्ये जाफना घेतल्यापासून तिथल्या कॅथलिकांना पाद्रीच उरला नव्हता, आणि पाद्र्याला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. वाझ यांनी लंका मागितली आणि वरिष्ठांनी १६८१ मध्ये पाठवले कानडा प्रांतात, तेही अधिकार कुणाचा या भांडणात. (बदलीचा अर्ज केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!) तिथे काही वर्षे काढून ते परतले, जुन्या गोव्यातल्या गोमंतकीय पाद्र्यांच्या ओरेटरीत दाखल झाले आणि १६८६ मध्ये गोवा सोडला. पुन्हा त्यांनी गोवा पाहिला नाही.

१६८७ मध्ये गरीब मजुराच्या वेशात ते जाफन्याला पोचले. सोबत एकच सेवक, जुवांव. प्रवासात हगवणीने दोघेही इतके खंगले, की साथीच्या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर ठेवले. एका बाईने पेज आणून दिली म्हणून जगले. पुढे वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत हिंडले. माळेकडे कोण टक लावून पाहतो यावरून घर कॅथलिक आहे का ते ओळखायचे. रात्री घरांतून मिसा चाले. १६८९ च्या नाताळच्या रात्री डचांनी धाडी घातल्या. वाझ निसटले. पकडले गेले ते त्यांच्यावर विश्वास टाकणारे लोक. चरित्रात मला सर्वांत अवघड वाटली ती ही जागा. स्वतःची काळजी देवावर टाकता येते, पण आपल्यामुळे दुसऱ्यावर आलेल्या संकटाचे काय? वाझ यांनी काम थांबवले नाही, एवढेच चरित्र सांगते.

१६९२ मध्ये कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली शिकले आणि आवारात झोपडीवजा देऊळ उभारले. पुढे दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला आणि राजाची मर्जी बसली, अशी कथा आहे. मला मात्र त्यापेक्षा १६९७ ची देवीची साथ महत्त्वाची वाटते. लोक आपल्याच रोग्यांना रानात सोडून पळाले तेव्हा वाझ मागे राहिले. रोग्यांसाठी झोपड्या बांधल्या, त्यांना धुतले-पुसले, मेलेल्यांना पुरले. वस्तीबाहेर टाकून दिलेल्याला पेजेची किंमत काय असते, हे त्यांना दहा वर्षांपूर्वीच कळले होते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीलाच ते वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

शेजारच्या टेबलावरचा मित्र दर जानेवारीत सांकवाळच्या फेस्ताला जातो. यंदा मीही येतो म्हणालोय. रजेचा अर्ज अजून लिहायचा आहे.