कांद्याचे बी आणि परसाची परंपरा : सोलापूर परिसराच्या अनुषंगाने एक टिपण

कांद्यासंबंधीची ऐतिहासिक साधने चाळली असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. प्राचीन ग्रंथांत कांदा आढळतो तो बहुधा निषेधाच्या किंवा औषधाच्या प्रकरणात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसणीबरोबर पलांडूही द्विजांना अभक्ष्य ठरविला आहे. चरकसंहिता त्याच पलांडूचे गुणदोष सांगते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू युआन श्वांग याने, कांदा-लसूण खाणारे लोक थोडे असून त्यांना नगराबाहेर घालविले जाते, असे नमूद केले आहे. परंतु निषेध करावा लागतो तो प्रचारात असलेल्या वस्तूचाच. तेव्हा पीक होते आणि ते पिकविणारेही होते. त्यांची परंपरा ग्रंथांपेक्षा बियाण्यात शोधली पाहिजे. ती कशी टिकली व कोठे तुटू शकते, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

सोलापूर-पुणे महामार्गावर मोहोळ तालुक्यात चिंचोळी काटी हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहत 'चिंचोळी एमआयडीसी' या नावाने ओळखली जाते. याच महामार्गाच्या वाटेवर, मोडनिंबजवळ, माढा तालुक्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव लागते. परंपरेनुसार ते १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगात मळ्यातील ज्या भाज्यांच्या ठायी विठ्ठल पाहिला आहे, त्यांत कांदा आहे. स्मृतिकारांचे अभक्ष्य येथे पूजाविषय झाले, हे तर महत्त्वाचेच. परंतु कृषीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की, कांदा हे या भागातील माळ्याच्या मळ्याचे नित्याचे पीक मानले गेले होते. भाषेची साक्षही याला अनुकूल आहे. हिंदीतील 'प्याज' हा शब्द फारसीतून आला. मराठी 'कांदा' मात्र संस्कृत 'कंद' शब्दापासून आलेला आहे. सोलापूरच्या त्रैभाषिक बाजारपेठेत ऐकू येणारे कन्नड 'उळ्ळागड्डी' व तेलुगू 'उल्लिगड्ड' हे शब्दही त्या त्या भाषांचे स्वतःचेच आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्वारीचे कणीस कापले की खाण्याचे धान्य व पुढील पेरणीचे बी एकदमच हाती येते. कांद्याचे तसे नाही. पहिल्या वर्षी बियापासून कांदा मिळतो. तोच कांदा पुन्हा जमिनीत लावावा, तेव्हा थंडीच्या योगाने त्याला दांडे फुटून गोंडे येतात व बी धरते. रब्बीचा क्रम पाहता, कार्तिकाच्या सुमारास वाफ्यात बी टाकावे, सहा ते आठ आठवड्यांची रोपे लावावीत, चैत्र-वैशाखात कांदा काढावा, त्यातील निवडक कांदे पावसाळाभर हवेशीर जागी राखावेत, दिवाळीच्या आगेमागे ते लावावेत आणि पुढील चैत्रात काळे बी झाडून घ्यावे. पेरणीपासून नव्या बियापर्यंत सुमारे १८ महिने जातात. उलटपक्षी, साध्या हवेत ठेवलेल्या बियाची उगवणशक्ती वर्षभरानंतर झपाट्याने घटते. म्हणजे दरवर्षी ताजे बी हवे असेल तर घरात दोन पिढ्या एकाच वेळी चालू ठेवाव्या लागतात : एक खाण्याच्या कांद्याची व दुसरी बेण्याच्या कांद्याची. फाल्गुनातील एका गारपिटीने गोंडे झडले, तर एक धागा तुटतो.

शिवाय बेण्याचा कांदा हा खाण्याचाच कांदा असतो. सोलापूर जिल्ह्याला १८७६-७८ च्या व १९७२-७३ च्या दुष्काळांची झळ तीव्रतेने लागली. अशा वर्षी उत्तम कांदे निवडून ते खाण्यावाचून राखणे, हे घरातील स्त्रीच्या संयमाचे केवढे कठोर काम असेल, हे सांगावयास नको. वाण टिकले ते या निर्णयांच्या बळावर.

हे बी परक्या देशातून आणून उणीव भरून काढणेही सोपे नव्हते. वनस्पतींवर दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो, हे गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. उत्तर युरोपातील कांद्याला गड्डा धरण्यास १४ तासांहून मोठा दिवस लागतो. सोलापूरचा सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या किंचित पुढे जातो. ते बी येथे लावल्यास पात वाढते, पण कांदा पोसत नाही. दख्खनचा कांदा दख्खनच्या बियाचाच असावा लागतो.

यापुढील मुद्दा शेजाराचा. कांद्याचे परागीभवन मुख्यतः मधमाश्यांमार्फत होते व एका वाणाचे पराग दुसऱ्यावर सहज जातात. म्हणून पायाभूत बियाण्यासाठी दोन वाणांत १,००० मीटर अंतराचा दंडक आहे. परसात एवढे अंतर कोठून येणार? तेथे वाण शुद्ध राहावयाचा तर भोवतालच्या घरांनीही तोच लावला पाहिजे. त्यातच चारदोन कांद्यांवरून बी धरीत गेल्यास पुढील पिढ्या दुर्बल होतात. म्हणून घरोघरचे बेणे एकत्र येणे हिताचे ठरते. 'गावरान' हे विशेषण या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वाण गावाचा असे, घराचा नव्हे.

पुढे शासकीय संशोधनाने हेच भांडवल वापरले. नाशिक येथे १९६० च्या सुमारास सिद्ध झालेला 'एन-५३' हा खरिपाचा वाण स्थानिक कांद्यातून निवडलेला होता. अमेरिकेत मात्र वेगळी वाट पडली. हेन्री जोन्स यांना १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात पुंकेसर वांझ असलेले एक झाड आढळले व त्यातून संकरित कांदा उदयास आला. संकरित पिकाचे बी घरी धरल्यास पुढील पीक एकसारखे येत नाही. बी दरवर्षी विकत घेणे ओघानेच येते. आपल्याकडे १९६६ च्या बियाणे अधिनियमाने विक्रीच्या बियाण्याला शिस्त लावली, तर २००१ च्या कायद्याने बी राखण्याचा व परस्परांत देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. राजगुरुनगर येथे १९९८ पासून असलेल्या कांदा-लसूण संशोधन संस्थेने 'भीमा' मालिकेतील वाण दिले असून तेथे जुन्या वाणांचा संग्रहही राखला जातो. या कार्याचे मोल निर्विवाद आहे.

तथापि कायद्याने दिलेला हक्क बजावण्यासाठी हाती बी असावे लागते. दोन-तीन वर्षे कोणीच बेणे राखले नाही, तर गावाचा वाण नाहीसा होतो आणि मडक्याच्या तळाशी राहिलेले जुने बी पेरून तो परत मिळत नाही. चिंचोळीसारख्या ठिकाणी, जेथे शेत व कारखाना यांची हद्द एकच झाली आहे, तेथे परसात दोन वाफे कांदा लावणारी कुटुंबे अजून असू शकतात. त्यांपैकी आठदहा घरांनी एकच वाण ठरवून, एकमध्या व घट्ट कांद्यांचे बेणे एकत्र लावले, तर ही परंपरा पुढे चालू राहू शकेल. इतिहासाच्या अभ्यासकांनीही गावोगावच्या वयोवृद्ध स्त्रियांकडून वाणांची नावे, निवडीच्या खुणा व साठवणीच्या रीती टिपून ठेवणे अगत्याचे आहे. हे साधन कोणत्याही दप्तरात मिळावयाचे नाही.